विश्लेषण : तलावातल्या हिरव्या विषाची चाचणी ‘शुगर’च्या पट्टीसारखी होईल का?

मे महिन्यात धरणांचे साठे तळाकडे जातात, पाणी तापते आणि उथळ काठांवर हिरवी साय धरते. वर्ध्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही. या सायीत काही वेळा सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव असतात आणि त्यांतल्या काही जाती यकृताला किंवा मज्जासंस्थेला घातक विष तयार करतात. हे विष डोळ्यांना दिसत नाही, उकळल्याने जात नाही आणि गावातल्या नेहमीच्या पाणी तपासणीत सापडत नाही. ते काठावरच, थोड्या वेळात ओळखू शकतील असे इलेक्ट्रोकेमिकल जैवसंवेदक, म्हणजेच बायोसेन्सर, जगभरच्या प्रयोगशाळांत तयार होत आहेत. ते चालतात कसे, अजून गावापर्यंत का पोहोचले नाहीत आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यात त्यांची जागा कुठे असेल, हे पाहू.

गावातली पाणी तपासणी काय पाहते?

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेतो. पाणी पिवळे झाले म्हणजे त्यात क्लोरिन शिल्लक आहे. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यावर गावोगावी फील्ड टेस्ट किट आली आणि प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ती वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचे ठरले. सामू, गढूळपणा, क्षार, कठीणपणा, लोह, नायट्रेट, फ्लोराइड हे त्या पेटीत तपासता येते. जिवाणूंसाठी वेगळी बाटली असते. पाणी भरून ती ठेवून द्यायची. आतली पट्टी काळी पडली तर पाणी विष्ठेतल्या जिवाणूंनी दूषित असण्याची शक्यता. हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली ही स्वस्त चाचणी भारतीय शास्त्रज्ञांनीच १९८२ मध्ये जगासमोर मांडली होती. पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धतही महाराष्ट्रात रुळली आहे.

ही सगळी व्यवस्था गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांच्या साथी रोखण्यासाठी उभी राहिली आणि त्या कामात ती उपयोगी आहे. पण तिच्या प्रश्नपत्रिकेत शेवाळाच्या विषाचा प्रश्नच नाही. ज्या पाण्यात हे विष आहे त्यातही ओटी चाचणी पिवळी येऊ शकते, बाटलीतली पट्टी पांढरीच राहू शकते आणि फ्लोराइड, नायट्रेट मर्यादेत असू शकतात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५०० : २०१२, पाण्यात शेवाळ व विष तयार करणारे सूक्ष्मजीव नसावेत असे सांगते. मात्र ते जीव पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. आणि जीव मरून गेल्यावर मागे राहिलेले विष तर सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही.

वर्ध्याच्या नळाला असे विष येते, असे यातून सुचवायचे नाही. पण ‘येत नाही’ असे म्हणायलाही मोजमाप लागते.

हे शेवाळ की जिवाणू?

धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ‘निळे-हिरवे शेवाळ’ हा शब्द नवा नाही. हवेतला नत्र जमिनीत आणणारे जैविक खत म्हणून कृषी विभाग ते वापरायला सांगत आला आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरुलिनाच्या गोळ्या याच कुळातल्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी एरवी हिरवे दिसते तेही याच भाऊबंदांमुळे. (जून २०२०मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा त्याला जबाबदार होते वेगळेच, मिठात वाढणारे सूक्ष्मजीव.) म्हणजे हे कुळ सरसकट वाईट नाही. शेवाळ म्हटले जात असले तरी ते आहेत जिवाणू. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे आणि पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा प्राणवायू भरणारे.

अडचण काही जातींची आहे. मायक्रोसिस्टिस ही त्यातली सर्वात चर्चेतली. तिच्या पेशींत वायूचे सूक्ष्म फुगे असतात. त्यांच्या बळावर ती पाण्यात वरखाली करते, वारा पडला की पृष्ठभागावर येते आणि मंद वाऱ्याने एका काठाला गोळा होते. साचलेले, तापलेले पाणी आणि त्यात फॉस्फरस व नत्र, एवढे मिळाले की ती झपाट्याने वाढते. सोयाबीन-कपाशीच्या शेतातून वाहून आलेले खत, गावाचे सांडपाणी, कपडे धुण्याची पावडर, गुरांचे शेण यांतून दोन्ही मिळते. पाऊस उशिरा आला, साठा उतरला की तेवढेच खत कमी पाण्यात उरते.

या जाती तयार करतात ती विषे अनेक. मायक्रोसिस्टिन यकृतावर आघात करते. सिलिंड्रोस्पर्मोप्सिनही मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडावर. अ‍ॅनाटॉक्सिन मज्जासंस्थेवर. अ‍ॅनाटॉक्सिनचा शोध लागत असताना संशोधकांनी त्याला ‘अतिशय जलद मृत्यू घडवणारा घटक’ असेच टोपणनाव दिले होते. सॅक्सिटॉक्सिन हे त्याच प्रकारचे आणखी एक.

जनावरांना ते आधी कळते, कारण ती थेट काठावरची साय पितात. या विषावरची पहिली शास्त्रीय नोंदही जनावरांचीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी मेंढ्या, घोडे, डुकरे, कुत्री पाणी पिऊन काही तासांत मेली, हे जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले. बोट्स्वानात २०२० मध्ये तीनशेहून अधिक हत्ती मरण पावले, तेव्हा तिथल्या सरकारनेही पाणवठ्यांतल्या सायनोबॅक्टेरियाच्या विषाकडे बोट दाखवले. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ जातीच्या गुरांचा मूळ पट्टा. तिथल्या कळपांना उन्हाळ्यात पाझर तलाव आणि धरणाच्या काठाचाच आधार असतो. एखादी गाय चरून आल्यावर अचानक लडखडून पडली तर साप चावला असेल किंवा ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले असतील, असे समजले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पाण्याचा नमुना मात्र क्वचितच कोणी घेते.

उकळून, औषध टाकून भागत नाही का?

या ठिकाणी घरगुती शहाणपण उपयोगी पडत नाही. मायक्रोसिस्टिन हे सात अमिनो आम्लांचे कडे आहे आणि ते उष्णतेला दाद देत नाही. पाणी उकळले तर विष तसेच राहते, पाणी आटले तर उलट थोडे दाट होते. २ ऑगस्ट २०१४च्या पहाटे अमेरिकेतल्या टोलेडो शहराने नागरिकांना सांगितले ते हेच : नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. ईरी सरोवरातल्या मायक्रोसिस्टिनमुळे सुमारे चार-पाच लाख लोकांचा नळ ४ ऑगस्टपर्यंत पिण्याच्या कामाचा नव्हता.

क्लोरिनचे गणित जरा गुंतागुंतीचे आहे. पाण्याचा सामू ८ च्या खाली असेल, क्लोरिन पुरेसे असेल आणि त्याला किमान अर्धा तास मिळाला तर ते मायक्रोसिस्टिन बऱ्यापैकी नष्ट करते. पण शेवाळाने भरलेल्या पाण्याचा सामू दुपारी ९ च्याही वर जातो आणि तिथे क्लोरिनचा जोर ओसरतो. अ‍ॅनाटॉक्सिनवर तर त्याचा फारसा परिणामच होत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट क्रमाची. जिवंत पेशींत बहुतांश विष आत कोंडलेले असते. तुरटी टाकून, गाळून पेशी अखंड बाजूला काढल्या तर विषही त्यांच्याबरोबर निघून जाते. पण आधीच जोरदार क्लोरिन किंवा मोरचूद टाकले तर पेशी फुटतात आणि विष पाण्यात मोकळे होते. मग गाळणीला गाळण्यासारखे काही उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पाम बेटावर १९७९ मध्ये नेमके हे झाले. धरणातल्या शेवाळाचा वास येतो म्हणून मोरचूद टाकले गेले आणि काही दिवसांत सुमारे दीडशे जण, बहुतेक मुले, यकृताच्या त्रासाने आजारी पडली. कितीतरी दिवस तो ‘गूढ आजार’ होता. संत्र्याच्या खोडाला बोर्डो लावणाऱ्या विदर्भात मोरचूद घरोघरी असते आणि हिरवे तळे दिसले की ते टाकायची कल्पना कोणालाही सुचू शकते. म्हणून इथे आधी चाचणी आणि मग उपाय हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

सर्वात मोठी मानवी हानी ब्राझीलमध्ये झाली. कारुआरू शहरातल्या एका डायलिसिस केंद्रात फेब्रुवारी १९९६ मध्ये सुमारे १३० रुग्णांपैकी ११६ जणांना डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, उलट्या सुरू झाल्या. शंभर जणांचे यकृत निकामी झाले. वर्षअखेरपर्यंत ७६ मृत्यू झाले, त्यांतले ५२ मायक्रोसिस्टिनशी जोडले गेले. दुष्काळ होता, जलाशय उतरला होता, पाणी टँकरने येत होते आणि नीट शुद्ध झालेले नव्हते. डायलिसिसच्या एका खेपेत रुग्णाचे रक्त सुमारे १२० लिटर पाण्याच्या संपर्कात येते. तिथे पोट आणि आतड्याची चाळणी मध्ये नसते. आता डायलिसिससाठी आरओचे पाणी वापरले जाते आणि तो मोठा बचाव आहे. पण टँकर, दुष्काळ आणि उतरलेला जलाशय ही साखळी वाचताना ब्राझील फार दूरचे वाटत नाही.

एक ग्रॅम, शंभर टँकर

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ही आयुष्यभर रोज पिण्यासाठी. थोड्या दिवसांसाठी १२ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचे शंभर टँकर उभे केले आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम विष मिसळले, तर पाणी या मर्यादेवर येते.

इतके थोडे मोजायला आज दोन रस्ते आहेत. एक, मोठ्या प्रयोगशाळेतला मास स्पेक्ट्रोमीटर. अचूक, पण यंत्राची किंमत कोट्यवधींत आणि चालवायला प्रशिक्षित माणूस हवा. दुसरा, प्रतिपिंडांवर चालणारी एलायझा चाचणी. ती स्वस्त पडते, तरी तिचे साहित्य फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि निकालाला काही तास जातात. नमुना खेड्यातून शहरात नेणे, रांगेत लागणे, अहवाल येणे यात दिवस जातात. दरम्यान वारा फिरला की साय या काठावरून त्या काठावर गेलेली असते. एकाच जलाशयात दोन काठांवरच्या विषाच्या प्रमाणात शेकडो पटींचा फरक असू शकतो. त्यामुळे महिन्यातून एकदा घेतलेल्या एका बाटलीचा अहवाल कितीही अचूक असला तरी तो त्या बाटलीपुरताच.

पट्टी काम कशी करते?

घरोघरचा ग्लुकोमीटर हा इलेक्ट्रोकेमिकल जैवसंवेदकच आहे. पट्टीवर साखर ओळखणारे विकर म्हणजे एन्झाइम असते. रक्तातली साखर त्याला भेटली की रासायनिक क्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात, ते पट्टीवरच्या कार्बनच्या रेघेतून यंत्रात जातात आणि यंत्र तो विद्युतप्रवाह मोजून आकडा दाखवते. ओळखणारा एक जैविक घटक आणि त्या ओळखीचे विजेत रूपांतर करणारा इलेक्ट्रोड, एवढीच ही जोडी. कल्पना लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली. पेनाएवढा ग्लुकोमीटर बाजारात यायला १९८७ उजाडले.

शेवाळाच्या विषासाठी पट्टी तशीच, फक्त ओळखणारा बदलायचा. पट्टीवरचे इलेक्ट्रोड स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापायची तीच पद्धत, फक्त शाईत कार्बन किंवा चांदी. म्हणून एक पट्टी स्वस्तात पडू शकते. खरी किंमत तिच्यावर काय चिकटवले आहे त्याची.

पहिला पर्याय प्रतिपिंडांचा. विषाला ओळखून पकडणारे प्रतिपिंड इलेक्ट्रोडवर बसवलेले असतात. पण विषाचा रेणू इतका लहान की तो बसल्याचे सहज कळत नाही. म्हणून संशोधकांनी एसटीतल्या जागांसारखी युक्ती केली. पाण्यातले विष आधी आत सोडायचे, ते रुमाल टाकून जागा धरते. मग विकराचे बिल्ले लावलेले तेच विष ठरावीक प्रमाणात सोडायचे, ते उरलेल्या जागांवर बसते. बिल्लेवाले जितके बसले तितका विद्युतप्रवाह. म्हणजे इथे हिशेब उलटा : प्रवाह कमी तर पाण्यात विष जास्त. काही संवेदक बिल्लाही लावत नाहीत. इलेक्ट्रोडच्या दारात रेणूंची गर्दी झाली की इलेक्ट्रॉनना आत-बाहेर करायला अडथळा होतो, तो वाढलेला अडथळाच मोजतात.

दुसरा पर्याय विषाच्या स्वभावावर बेतलेला. मायक्रोसिस्टिन यकृतातले प्रोटीन फॉस्फेटेज नावाचे विकर बंद पाडते, त्यातूनच ते माणसाला मारते. मग तेच विकर पट्टीवर बसवायचे आणि त्याला काम द्यायचे. ते काम करत असेल तोवर प्रवाह येत राहतो. पाण्यात विष असेल तर विकर थंडावते आणि प्रवाह घसरतो. मायक्रोसिस्टिनचे अडीचशेहून अधिक उपप्रकार सापडले आहेत. त्यांची वेगवेगळी नावे ओळखत बसण्यापेक्षा ‘हे पाणी यकृताचे विकर बंद पाडते का’ असा थेट प्रश्न ही पट्टी विचारते. कागदावर हा पर्याय सर्वात सरळ वाटतो. मात्र विकर नाजूक असते आणि त्याला थंडावणारी दुसरी द्रव्येही असतात.

तिसरा पर्याय अ‍ॅप्टामर. डीएनएचा लहानसा धागा, जो ठरावीक रेणू भेटला की त्याच्याभोवती घडी घालून बसतो. असे धागे निवडून काढण्याची पद्धत १९९० मध्ये आली आणि मायक्रोसिस्टिनला पकडणारे धागे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. धाग्याच्या टोकाला रंगद्रव्याचा रेणू लावतात. घडी पडली की तो इलेक्ट्रोडच्या जवळ येतो किंवा दूर जातो आणि प्रवाह बदलतो. प्रतिपिंड तयार करायला प्राणी किंवा पेशी लागतात, अ‍ॅप्टामर रसायनशाळेत तयार होतो. आणि उष्णतेने त्याची घडी मोडली तरी थंड झाल्यावर पुन्हा पडू शकते. वर्ध्याच्या मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या कपाटात पट्ट्यांचा डबा पडून राहणार असेल, तर हा गुण लहान नाही.

मग बाजारात का दिसत नाही?

पहिले कारण आकड्यांचे. रक्तातली साखर लिटरला साधारण एक ग्रॅम असते. विष मोजायचे ते लिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा लाख पट कमी. तो क्षीण संकेत मोठा करायला सोन्याचे नॅनोकण, ग्राफीन, कार्बनच्या नलिका वापरतात. प्रयोगशाळेतल्या संवेदकांनी लिटरला काही नॅनोग्रॅमपर्यंतही विष टिपल्याचे संशोधन आहे. पण त्यांतले बरेचसे शुद्ध पाण्यात मोजून घातलेल्या विषावर झालेले आहे. तलावाचे पाणी तसे नसते. त्यात माती, कुजलेल्या पानांची आम्ले, साबण, कीटकनाशके असतात, ती इलेक्ट्रोडवर बसतात आणि आकडा फिरवतात. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. अ‍ॅप्टामरची घडी याच क्षारांवर अवलंबून असते. म्हणजे युरोपातल्या सरोवरावर जमवलेली पट्टी धामच्या पाण्यावर तसाच आकडा देईल, असे धरून चालता येणार नाही. ती इथल्या पाण्यावर पुन्हा जमवावी लागेल.

दुसरे कारण पेशींच्या भिंतीचे. विष आत कोंडलेले असताना पट्टी पाण्यात बुडवली तर ती बाहेरचे थोडेसेच मोजते आणि पाणी चांगले असल्याचा खोटा दिलासा देते. प्रयोगशाळेत नमुना तीनदा गोठवून वितळवतात, म्हणजे पेशी फुटतात. तलावाच्या काठी हे कसे करायचे? रसायनाने पेशी फोडणाऱ्या कुप्या निघाल्या आहेत, पण तेच रसायन पट्टीला बाधते. जाहिरातीत न दिसणारी ही पायरी खरे तर सर्वात अवघड आहे.

तिसरे कारण पैशाचे, आणि बहुधा तेच सर्वात मोठे. मधुमेहाचा रुग्ण रोज पट्टी वापरतो आणि असे रुग्ण कोट्यवधी आहेत. त्या मागणीने ग्लुकोमीटर पंचवीस वर्षांत खिशात आला. शेवाळाच्या विषाची पट्टी कोण विकत घेणार? नगर परिषद, पाणीपुरवठा योजना, पशुवैद्यकीय दवाखाना, तेही वर्षातले तीन-चार महिने. नियमाने तपासणी सक्तीची नाही, म्हणून मागणी नाही. मागणी नाही म्हणून कारखाना नाही. आणि साधन नाही म्हणून तपासणी सक्तीची करता येत नाही. या फेऱ्यातून बाहेर काढायला एखादे टोलेडो घडण्याची वाट पाहावी लागते, हे जगभरचे चित्र आहे.

वर्ध्यात त्याची जागा कुठे?

वर्धा शहराचे पाणी प्रामुख्याने आर्वी तालुक्यातल्या महाकाळीच्या धाम प्रकल्पातून येते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत येळाकेळी, पवनारपर्यंत येते, तिथून उचलले जाते आणि शुद्ध होऊन टाक्यांत जाते. धरण, उघडे पात्र, बंधाऱ्यात साचलेले पाणी, असे तीन टप्पे नळाच्या आधी येतात. संवेदकाची जागा शुद्धीकरणाच्या आधी, कच्चे पाणी उचलतात तिथे. तिथे सकाळी पट्टीने होकार दिला तर करण्यासारखे बरेच काही असते. पाणी वरच्या थराऐवजी खालच्या दारातून घ्यायचे. सुरुवातीचे क्लोरिन थांबवायचे, म्हणजे पेशी अखंड राहतील. तुरटीची मात्रा सुधारायची. क्रियाशील कोळशाची पूड टाकायची, ती मोकळे विष शोषून घेते. आणि क्लोरिन शेवटी. यांपैकी एकालाही मोठी यंत्रसामग्री लागत नाही, पण निर्णय त्याच सकाळी व्हावा लागतो. आठवड्याने आलेल्या अहवालावर दार बदलून उपयोग नाही.

पट्टीने शेवटचा शब्द बोलावा अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. पट्टी चाळणी लावते, तिने संशय घेतलेला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो. पाण्यावर १९५८ पासून काम करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे, म्हणजे दीड-दोन तासांवर. चुकून होकार आला तर एक दिवसाची धावपळ होते. चुकून नकार आला तर तेच पाणी नळाला जाते. म्हणून पट्टी निवडताना ती किती सूक्ष्म मोजते यापेक्षा ती नकार किती वेळा चुकीचा देते, हे विचारायला हवे.

दुसरी जागा जनावरांच्या पाणवठ्यांची. तिथे शुद्धीकरण नसते. बोरच्या जलाशयावर तर गुरांबरोबर व्याघ्र प्रकल्पातले वन्यजीवही येतात. अशा ठिकाणी आठवड्यातून एकदा तीन-चार काठांवर पट्टी लावणे पशुवैद्यकाला किंवा वनरक्षकाला जमण्यासारखे आहे. मास स्पेक्ट्रोमीटरने ते कधीच होणार नाही.

पट्टी येईपर्यंत काय करता येईल?

हिरवे ते सगळे विषारी नसते. जलपर्णी, शेवाळाचे केसासारखे पुंजके, पाण्यावर तरंगणारी बारीक पाने हे वेगळे. काठीने ओळखता येते. हिरवा थर काठीवर केसांसारखा लोंबला तर तो बहुधा साधे शेवाळ. काठी ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखी रंगली तर संशय घ्यावा. दुसरी खूण बाटलीची. हातमोजे घालून पारदर्शक बाटलीत पाऊण भाग पाणी भरावे, न हलवता रात्रभर ठेवावे. हिरवे तळाशी बसले तर चिंता कमी. वर तरंगून काठाला हिरवे कडे धरले तर सायनोबॅक्टेरिया असण्याची शक्यता जास्त. या दोन्ही खुणा जीव ओळखतात, विष ओळखत नाहीत. पाण्याला मातकट वास येतो तेव्हाही असेच. तो वास देणारी द्रव्ये आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वास आहे पण विष नाही आणि विष आहे पण वास नाही, दोन्ही शक्य आहे.

संशय आला तर गुरे त्या काठावरून हलवून वाऱ्याच्या उलट बाजूला, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर न्यावीत. मुलांना पोहू देऊ नये. मोरचूद टाकू नये. घरच्या यंत्रांत अतिनील किरणांचा दिवा या विषाला पुरा पडत नाही. आरओ आणि कोळशाची गाळणी ते बऱ्याच अंशी अडवतात, पण वर्षभर न बदललेल्या गाळणीवर भिस्त ठेवता येत नाही.

आणि जनावर दगावलेच, तर पशुवैद्यकाला बोलावतानाच पाण्याचा नमुना घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी साय तिथे नसेल. बाटली काचेची असावी, काही प्लास्टिकना मायक्रोसिस्टिन चिकटून बसते आणि मग चाचणीत कमी दिसते. नमुना जिथे जनावर प्यायले त्याच काठाचा, सायीसकट. बाटलीवर तारीख, वेळ, काठ लिहावा, ती काळ्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी पाठवावी.